हाम्राविकचं त्रेसष्टावं मत

आता कुणालाही विचारा, तो म्हणतो, मला हेच हवं होतं. यंदा, अठ्ठेचाळीसच्या एप्रिलमध्ये, स्वराज्याचा कायदा लागू झाला. आपली भाषा पहिली भाषा झाली, आपला झेंडा हक्काचा झाला, घरचे कायदे आमच्या बेटांच्या राजधानीत, तोर्सहाउनमध्ये, व्हायला लागले. डेन्मार्कचा राजा मात्र कोपनहेगनला होता तिथेच आहे. ना पुरते वेगळे, ना पुरते बांधलेले. आणि आमच्या हाम्राविकमधला प्रत्येक गडी छाती काढून सांगतो की सेहेचाळीस सालीच मी हे म्हणत होतो. साफ खोटं. सेहेचाळीस साली हे म्हणणारं गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे मी, सुन्नेवा. आणि त्याबद्दल गावानं मला कड्यावरून ढकलायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

माझा नवरा हानुस गावच्या कळपाचा कारभारी होता. त्याच्या आधी त्याचा बाप. आमच्याकडे मेंढ्या वर्षभर डोंगरावर मोकळ्या असतात. प्रत्येकीच्या कानावर ज्या त्या घराची खूण कापलेली, पण कळप एकच, गावाचा. कुठल्या दिवशी डोंगर चढायचा, कुणी कुठे उभं राहायचं, किती मेंढ्या कापायच्या आणि किती राखायच्या, हे कारभारी ठरवतो. बेचाळीस साली हानुस मासळी घेऊन स्कॉटलंडला निघाला आणि त्याच्या जहाजाला सुरुंग लागला. लढाई चालू होती, निम्मे पुरुष समुद्रावर होते. मी हानुसची काठी उचलली आणि डोंगर चढले. कुणी 'तू कर' म्हटलं नाही, कुणी 'करू नकोस' म्हटलं नाही.

चार वर्षं असंच गेलं. मधेच लढाई संपली, पुरुष घरी आले, आणि ज्यांचं पोट माझ्या मेंढ्यांवर भरलं होतं त्यांनाच प्रश्न पडला की बाईमाणसाला हे झेपतं का. शरद ऋतूत मेंढ्या खाली आणून दगडी वाडग्यात कोंडल्या की तिथल्या भिंतीपाशी गावाची सभा भरते, तिथे पुढचा कारभारी ठरतो. लढाईच्या वर्षांत तो विषय कुणी काढलाच नव्हता. सेहेचाळीसला निघणार होता. मला ते काम हवं होतं, हे सरळ सांगते. वाट्याला दोन मेंढ्या जास्त येतात म्हणून नाही. घरात मी हानुसची विधवा होते, डोंगरावर मी कुणीतरी होते.

त्यात डेन्मार्कबरोबर राहायचं की वेगळं व्हायचं, हे मतदान आलं.

हानुसला दोन धाकटे भाऊ. सामाल मासेमारीच्या जहाजाचा कप्तान, तुफानातही ज्याचा आवाज दुसऱ्या जहाजापर्यंत जायचा. तो वेगळं होणाऱ्यांचा पुढारी. तुम्मास दुकानदार, आवाजानं भावाला जराही कमी नाही. तो डेन्मार्कबरोबर राहणाऱ्यांचा. माझी सासू एल्स्पा माझ्याकडे राहायची, अठ्ठ्याहत्तरीची, तोंडानं तिखट. ती म्हणायची, "दोघांना दूध पाजलं, अक्कल पाजायची राहिली."

चौदा सप्टेंबरला शाळेच्या खोलीत मतदान झालं. कागदावर दोनच घरं. एक, कोपनहेगनच्या सरकारनं जे देऊ केलंय ते घ्यायचं. दोन, सगळं तोडून मोकळं व्हायचं. मी पेन्सिल घेऊन उभी राहिले. सरकार जे देत होतं ते फार थोडं होतं, आणि ते आपण लिहिलेलं नव्हतं. आणि तोडून टाकायचं म्हटलं तर पुढल्या हिवाळ्यात काय, हे सामाललाही सांगता येत नव्हतं, मी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "वहिनी, आधी दोर काप, मग पोहायचं बघू." मला माझी चूल वेगळी हवी होती, पण त्यासाठी घराला आग लावायची नव्हती. बाहेर कुणीतरी खोकलं आणि म्हणालं की एका फुलीला किती वेळ. मी दोन्ही घरांवरून आडवं लिहिलं, 'पुन्हा नीट विचारा', घडी घातली आणि पेटीत टाकली. दारात सामाल माझ्याकडे बघून हसला, पायरीवर तुम्मास हसला. दोघांनाही वाटलं, वहिनी आपली.

मतं मोजली क्लेमिंटनं. हा म्हातारा गावचा जुना मास्तर, आणि पाद्री नसेल त्या रविवारी चर्चमध्ये प्रवचनही तोच वाचायचा. त्यानं दारावर कागद लावला: एकतीस, एकतीस, बाद एक.

सगळ्या बेटांवर मिळून वेगळं होऊ म्हणणारे दीडशेहून थोड्या जास्त मतांनी पुढे निघाले. पण आमच्या गावाला बेटांशी काय देणंघेणं. गावाला तो बाद मत टाकणारा एक हवा होता. सामालनं आपली माणसं आधीच मोजून ठेवली होती, बत्तीस. तुम्माससुद्धा शपथेवर सांगत होता, आमचे बत्तीस. दोघांनीही मला आपल्यात धरलेलं होतं. बत्तीस आणि बत्तीस चौसष्ट, आणि गावात मतदार त्रेसष्ट. एवढी बेरीज कुणी केली असती तर त्याच संध्याकाळी सगळे माझ्या दारात आले असते. पण दुसऱ्याचा आकडा खोटाच असतो अशी दोघांचीही खात्री, त्यामुळे बेरीज करणार कोण. प्रत्येक जण फितूर आपल्याच घरात शोधत बसला. सामालनं सासऱ्याशी बोलणं टाकलं. तुम्मासनं बायकोवर संशय घेतला आणि तिनं त्याला चार दिवस करपलेला मासा वाढला.

मला हसू यायचं, आणि भीतीही वाटायची.

पुढचे दिवस तर तमाशाचे होते. गावात टेलिफोन एकच, तोही तुम्मासच्या दुकानात. बेटांच्या संसदेनं वेगळं झाल्याचं जाहीर केलं ती बातमी तुम्माससारख्या माणसाला तोंडानं सांगावी लागली. दुकानाबाहेर सामालची माणसं उभी. तुम्मास बाहेर आला, आंबट चेहऱ्यानं म्हणाला, "झालं तुमच्या मनासारखं," आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सामालनं झेंडा चढवला. आठवडा पुरता झाला नाही तोच राजानं संसद बरखास्त केली, नोव्हेंबरात नवी निवडणूक. ती बातमी सांगायला मात्र तुम्मास गुडघा धरत चढ चढून सामालच्या दारापर्यंत स्वतः गेला. तेव्हापासून चर्चमध्ये दोन बाजू झाल्या, नाचाला दोन रिंगणं झाली. सामालचे लोक कॉफी आणायला होडी वल्हवत शेजारच्या गावी जायला लागले.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण ऑक्टोबर आला, डोंगरावर गवत पिवळं पडलं, आणि मेंढ्या खाली आणायची वेळ झाली.

आमच्या डोंगराची उत्तरेची बाजू सरळ समुद्रात उतरते. त्या कड्यापासून दक्षिणेच्या ओढ्यापर्यंत बावीस घरांची बावीस माणसं रांगेत उभी राहतात आणि आरडत, हात हलवत खाली चालत येतात, म्हणजे मेंढ्या पुढे पळत गावाच्या वरच्या दगडी वाडग्यात शिरतात. कुठलं घर कुठे उभं राहणार हे पणजोबांपासून ठरलेलं. पण त्या दिवशी सामालची माणसं सगळी कड्याकडे गोळा झाली आणि तुम्मासची ओढ्याकडे. मध्ये उभं राहायला कुणी तयार नाही, कारण मध्ये उभं राहिलं की शेजारी दुसऱ्या बाजूचा. रांगेत दोनशे पावलांचं भोक राहिलं. मी ओरडून ओरडून सांगितलं, पळत मध्ये जाऊन उभी राहिले, पण दोनशे पावलं एका बाईनं कशी भरायची. मेंढ्यांना राजकारण कळत नाही, भोक कळतं. चारशेचा कळप माझ्या दोन्ही बाजूंनी वर निघून गेला. दोन कोकरं कड्यावरून गेली.

दुसऱ्या दिवशी तुम्मास माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. साखरेचा खडा दातात धरून कॉफी प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नकोस. तू पुष्कळ केलंस. पण आता तुझ्याच्यानं होत नाही. सभेत मी आमच्यातल्या एकाचं नाव सुचवणार आहे."

"आणि त्याच्या रांगेत सामालची माणसं उभी राहतील?"

त्यानं कप पुढे केला, आणखी कॉफी म्हणून. तासाभरानं सामाल आला. त्याच खुर्चीत बसला, तेच बोलला, फक्त नाव त्याच्यातल्या एकाचं. मीही त्याला तेच विचारलं, आणि त्यानंही कप पुढे केला.

"बर्फ पडलं तर वर एक मेंढी जिवंत राहायची नाही," मी म्हणाले. "मग कारभारी कशाचे होणार? दगडांचे?"

"ते आमच्या त्या फितुराला विचार," सामाल म्हणाला. "त्यानं नीट मत दिलं असतं तर गावात आमची बहुमतानं सत्ता असती. मग तुम्मासला मुकाट्यानं रांगेत उभं राहावं लागलं असतं."

तुम्मासही जाताना हेच म्हणाला होता. तेव्हा मला कळलं की गावाचा राग एकमेकांवर जेवढा आहे त्याहून जास्त त्या एका माणसावर आहे. आणि तो राग नुसता पडून आहे, त्याला कुणी कामाला लावलेलं नाही.

रविवारी क्लेमिंटचं प्रवचन वाचून झालं, लोक बाहेर आले, डाव्या बाजूला एक घोळका, उजव्या बाजूला दुसरा. मी पायरीवरच थांबले. 

"ते बाद झालेलं मत माझं होतं," मी म्हणाले.

कुणाला पहिल्यांदा कळलंच नाही. सामाल म्हणाला, "काय?"

"कागदावर मी लिहिलं, पुन्हा नीट विचारा. तुला पण नाही दिलं, त्याला पण नाही दिलं. तुम्ही दोघांनी न विचारताच मला आपल्या आकड्यात धरलंत."

मग जी गर्दी उसळली ती काय सांगू. तुम्मासची बायको तुम्मासकडे वळून म्हणाली, "आता माझी माफी माग, इथेच." सामालचा सासरा सामालला तेच म्हणाला. क्लेमिंट माझ्या मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "अक्षर मी ओळखलं होतं गं. चार आठवडे पोटात ठेवलंय. आज जेवण जाईल जरा." पण बाकी सगळे एकदम बोलायला लागले होते, मला एक शब्द वेगळा ऐकू येईना.

मी हात वर केला. "आज रविवार आहे, देवाच्या दारात मला शिव्या खायच्या नाहीत. गुरुवारी सकाळी मी डोंगरावर असेन, रांगेच्या मधोमध. ज्याला मला काही सांगायचंय त्यानं वर येऊन सांगावं. खाली मला वेळ नाही."

"येतोच," सामाल म्हणाला.

"मीसुद्धा," तुम्मास म्हणाला. सहा वर्षं तो डोंगरावर चढला नव्हता.

चार दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. सगळं गुरुवारसाठी राखून ठेवत होते. एल्स्पा लोकर विंचरत म्हणाली, "तू वेडी तरी आहेस नाही तर माझ्या नवऱ्याहून शहाणी तरी. गुरुवारी कळेल."

गुरुवारी उत्तरेचा कोरडा वारा होता, आकाश स्वच्छ. मी उजाडताच वर जाऊन उभी राहिले आणि खाली बघितलं. बावीस माणसं यायला हवी होती. पन्नासच्या वर येत होती. म्हाताऱ्या बायका, लढाईत पाय लंगडा झालेला एक जण, आणि सगळ्यात मागे धापा टाकत तुम्मास. आणि कड्याकडेही कुणाला जायचं नव्हतं, ओढ्याकडेही नाही. सगळ्यांना मध्ये यायचं होतं, माझ्या जवळ. ज्या भोकात उभं राहायला आठ दिवसांपूर्वी कुणी तयार नव्हतं तिथे आता जागा मिळेना. मला उलट हाकलून हाकलून त्यांना दोन्ही टोकांना पसरवावं लागलं, आणि तिकडे गेले तसे ते जास्त मोठ्यानं ओरडायला लागले, कारण मला ऐकू तर जायला हवं.

"वहिनी," कड्याच्या बाजूनं सामाल गर्जला, "हानुस असता तर त्याला काय वाटलं असतं?"

हे लागलं मला. पण खाली कळप हलला होता. "हानुस असता तर म्हणाला असता, आधी खाली बघ," मी ओरडले. "तुझ्या डाव्या हाताला नऊ सुटताहेत."

त्यानं बघितलं, शिवी हासडली, आणि नऊच्या नऊ वळवल्या.

"पेन्शन कोपनहेगनची खातेस," ओढ्याकडून तुम्मास, "आणि त्यांच्या कागदावर रेघोट्या मारतेस."

"खाते. त्यासाठी नवरा समुद्रात दिलाय. दहा पावलं खाली सरक, तुझ्या मागे मेंढा आहे."

तो सरकला. मग एकामागून एक सगळे. गावाला बुडवलंस. मी म्हणे, कुत्रा पुढे सोड. ना धड इकडची ना तिकडची. बरोबर, म्हणून तर मधोमध उभी आहे, तू खडकाच्या वरून ये. कुणी मला शिव्या देत होतं, त्याचं ऐकून पलीकडचा त्याला शिव्या देत होता, कारण काही झालं तरी मी त्याच्या बाजूचीही थोडी होतेच ना. तीन तास हाम्राविकनं महिनाभराचं तुंबलेलं सगळं डोंगरावर ओतलं. एवढा आरडाओरडा त्या मेंढ्यांनी जन्मात ऐकला नव्हता. त्या वाट शोधत नव्हत्या, नुसत्या पळत सुटल्या होत्या. वाडग्याच्या फाटकात एल्स्पा उभी होती. कळप तिच्यासमोरून आत घुसला, दगडी भिंती भरून गेल्या, आणि तिनं फाटकाला दोर बांधला.

आम्ही मोजल्या. चारशे एकोणीस. त्यात सतरा अशा होत्या ज्या गेल्या वर्षी कुणालाच सापडल्या नव्हत्या. दोन वर्षांची लोकर अंगावर घेऊन हिंडत होत्या. हानुसच्या काळातही एवढ्या कधी एका दिवसात उतरल्या नाहीत. मी भिंतीला टेकले. मला इतका आनंद झाला होता की त्या क्षणी कुणी मला कड्यावरून ढकललं असतं तरी चाललं असतं.

सभा तिथेच, भिंतीपाशी भरली. दुपारचं ऊन होतं, सगळ्यांच्या अंगाला मेंढ्यांचा वास. क्लेमिंट दगडावर चढला. "पुढचा कारभारी ठरवायचा आहे. कुणाला नाव सुचवायचं असेल त्यानं सुचवावं."

सामाल पुढे आला. त्यानं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि गंजलेल्या बिजागरीसारखी नुसती कुरकुर बाहेर आली. आवाज डोंगरावरच राहिला होता. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. लोक हसायला लागले. तुम्मास घाईनं पुढे झाला, आता मैदान मोकळं आहे असं वाटून, आणि त्याच्या घशातून तेवढंही आलं नाही.

"पोटात होते तेव्हा असेच गुणी होते दोघं," एल्स्पा म्हणाली.

क्लेमिंटनं जरा वाट बघितली. मग म्हणाला, "दुसरं नाव आलेलं नाही. तेव्हा विचारतो. सुन्नेवानं पुढे काम करावं असं ज्या घराला वाटतं त्यानं हात वर करावा. घरटी एक."

तुम्मासच्या बायकोनं पहिला हात वर केला आणि नवऱ्याकडे बघितलंही नाही, त्यामुळे त्या घराचं झालंच. मग लंगड्याचा. मग चार-पाच एकदम, दोन्ही बाजूंचे. मी हात मोजत नव्हते. मी सामालकडे बघत होते. त्याचा आवाज गेला होता, हात काही गेला नव्हता. ठेवला असता खाली तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यानं वाडग्यात बघितलं, त्याच्या घराच्या खुणेच्या मेंढ्या शोधल्या, मग माझ्याकडे बघितलं, आणि हात वर केला. पुरता वर, डोक्याच्या वर, कप्तान दुसऱ्या जहाजाला खूण करतो तसा.

"बावीस," क्लेमिंट म्हणाला.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत दोघे भाऊ पुन्हा भांडले, आवाज परत आल्यावर. त्यांनी भांडावं, माझं काही म्हणणं नाही. सभेच्या त्या दुपारी मात्र ते दोघं माझ्याजवळ आले आणि खरखरत्या घशानं विचारलं की उद्या मेंढ्या कापायला किती वाजता यायचं. मी म्हणाले, सहा वाजता, आणि सुऱ्या धार लावून आणा. दोघेही सहाच्या आधी आले.

पण ते उद्याचं. त्या दिवशी मी घरी आले, कॉफी ठेवली आणि ती उकळून सांडेपर्यंत रडत बसले. हानुसला हे काम बापाकडून मिळालं होतं. मला ते हानुस बुडाला म्हणून मिळालं होतं, चार वर्षं मी ते उसनं आणल्यासारखं सांभाळत होते. आता ते मला बावीस घरांनी हात वर करून दिलं होतं, आणि ते माझं होतं.